पडद्याची आमची बाजू

रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा आमच्या मेट्रनबाईंनी विचारलं, "कुठं निघालीस?" मी म्हटलं, "सिनेमा बघायला." "त्याला तीन दिवस?" "टॉकीज लांब आहे," मी म्हटलं, "आणि आता ते तिथं नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं सही केली. नाइट ड्युट्या करून पोरीचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असणार. वाटू दे. रजा मिळाली.

खरं सांगायचं तर मला आईनं घराबाहेर काढलं. तोंडानं काही म्हणाली नाही. सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती एवढंच बोलली, "तुझ्या बापाचं तोंड आठवंना झालंय मला." मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाली, "डोक्याचा रुमाल आठवतो. खाली सदऱ्याची गुंडी आठवते. मधलंच जातंय." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि पुढं आठवडाभर रोज सकाळी उठल्या उठल्या भिंतीकडं तोंड करून बसायची, डोळे मिटून. आठवायचा प्रयत्न चाललाय हे मला कळत होतं. बघवेना.

माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात गेला. तलावाच्या कामावर असताना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत आटोपलं. मी सहा वर्षांची होते. त्याचा एकही फोटो नाही. रेशनच्या मिलोची लाल भाकरी खाऊन दिवस काढणारं माणूस फोटो काढायला कुठं जातंय? मला त्याचं तोंड आठवत नाही. त्याच्याकडून माझ्याकडं एकच गोष्ट आली, ती म्हणजे हा डावा हात. मी डावरी आहे. शाळेत गुरुजी छडी मारून पेन्सिल उजव्या हातात द्यायचे, तेव्हा आई थेट वर्गात जाऊन सांगून आली होती, "राहू द्या गुरुजी. बापावर गेलीय. तिचा बाप डावराच हुता." त्यानंतर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. इंजेक्शनसुद्धा डाव्या हातानं देते. पेशंट आधी घाबरतात, मग दुखलं नाही म्हणून गप्प बसतात.

बापाचं तोंड या जगात एकाच ठिकाणी उमटलं होतं. ढोकीच्या अलीकडं, गाड्यांच्या टॉकीजमध्ये. तिथल्या रिळाचा काही पत्ता लागतो का, हे बघायला मी निघाले होते.

ढोकी

कुर्डुवाडीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीबद्दल फार बोलत नाही. तिच्या बरोबरीनं म्हशी चालतात आणि कधीकधी पुढंही जातात. ढोकीला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय घासत, एक उचलत मी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात जाऊन बसले. माघ महिना होता, कारखाना जोरात चालू होता. हवेत मळीचा वास इतका दाट की चहात साखर कमी असली तरी कळू नये.

हे टॉकीज काय होतं ते आधी सांगते, कारण ज्यांनी बघितलं नाही त्यांना खरं वाटत नाही. कारखान्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर एक पडीक माळ होता. तिथं मालकानं दोन उंच लोखंडी खांब रोवले होते आणि मध्ये पांढरं कापड ताणलं होतं. तो म्हणे मुंबईला जाऊन आला होता. तिथं लोक मोटारीत बसल्या बसल्या सिनेमा बघतात, हे बघून आला. आमच्याकडं मोटारी कुठल्या, पण उसाच्या बैलगाड्या होत्या, आणि कारखान्याच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत त्या गाड्या तासन्‌तास वाटेवर उभ्या असायच्या. मालकानं त्या माळावर वळवल्या. बैल सोडायचे, त्यांच्यापुढं उसाचे हिरवे वाढे टाकायचे, जुवाखाली टेकू द्यायचा आणि उसाच्या भाऱ्यावर रेलून सिनेमा बघायचा. वस्त्यांवरची माणसं रिकाम्या गाड्या जुंपून यायची, पोराबाळांसकट.

कापडाच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागत. मशीन एकीकडं होतं, त्या बाजूला गावातल्या गाड्या. मागच्या बाजूला आमच्या वस्तीच्या. पाटी कुणी लावली नव्हती, तोंडानं कुणी सांगितलंही नव्हतं. वस्तीनं धम्म घेऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण ते त्या कापडाला अजून कळलं नव्हतं. मागून चित्र तसंच दिसायचं, फक्त अक्षरं उलटी यायची. पहिलीत गेल्यावर मी पाटीवर अक्षरं उलटी काढली, कारण मी ती तशीच बघितली होती. त्याबद्दलची छडी वेगळी.

आणि मुख्य सिनेमाच्या आधी दुष्काळाची फिल्म लागायची. तलावाच्या कामावर सरकारी गाडी येऊन चित्रं घेऊन गेली होती, त्याची. तिच्यात माझा बाप होता. डोक्यावरचं घमेलं उतरवायचा, माती ओतायचा, वळायचा, कोपरानं कपाळ पुसायचा आणि आमच्याकडं बघायचा. मग दुसरंच काहीतरी दिसायला लागायचं. तो कापडावर आला तेव्हा आधीच वारलेला होता. ती फिल्म परत न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून चार वर्षं रोज संध्याकाळी लागत राहिली. आई मला घेऊन चुलत्याच्या गाडीतून जायची, तेवढं बघायची आणि मुख्य सिनेमा सुरू झाला की कापडाकडं पाठ करून बसायची. मी बहुतेक वेळा आधीच तिच्या मांडीवर झोपलेली असायची, म्हणून फिल्म मला तुटक आठवते, त्याचं तोंड नाही. मी दहा वर्षांची असताना एक दिवस आई एकटीच जाऊन आली आणि म्हणाली, "पुरं झालं." त्यानंतर ती कधी गेली नाही. का, ते आजतागायत सांगितलं नाही. पुढं टॉकीजही उठलं.

हॉटेलवाला माझी चप्पल तारेनं बांधून देत होता. साधारण तिशीचा माणूस. मी त्याला टॉकीजचं विचारलं आणि दुष्काळाच्या फिल्मचंही.

"ती व्हय? पाठ हाय की आपल्याला," तो म्हणाला. हातातली पक्कड खाली ठेवून उभा राहिला. डोक्यावरचं नसलेलं घमेलं उतरवलं, ओतलं, वळला, उजव्या कोपरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. नुसतं बघितलं. "शाळेतली समदी पोरं करायची आमी असं. घमेलेवाला म्हणायचो त्येला."

मी चहा खाली ठेवला. तो माझा बाप होता हे मी त्याला सांगितलं नाही. बरोबर केलंस का म्हणून विचारणार होते, पण विचारायला मला तरी कुठं माहीत होतं? तो पुन्हा खाली बसून तार पिळायला लागला.

आमच्या जुन्या वस्तीकडं जायला बैलगाडी मिळाली. गाडीवान दगडूमामा, साठीचा माणूस, कारखान्यावर ऊस टाकून रिकामा परतत होता. मला बघून म्हणाला, "बसा बाई, पाचटावर बसा. मुंग्या हायत, पर भल्या हायत." भल्या नव्हत्या. वाटेत त्यानं कुणाच्या तरी रानातून भाजलेला हुरडा मागून आणला, शेंगाच्या चटणीबरोबर. सोलापूरची चटणी मीच जगात भारी समजते, पण त्या चटणीपुढं मी तोंड उघडलं नाही.

दिवस मावळायला आला होता. वाटेच्या कडेला करडई वाळत होती. एका ठिकाणी मामाचे बैल आपसूक डावीकडं वळले, वाट सोडून माळावर गेले आणि थांबले. आमच्या मागच्या दोन गाड्याही वळल्या. त्यांच्या मागची तिसरीही. सगळ्या एका ओळीत उभ्या राहिल्या, तोंडं एकाच दिशेला. कुणी गाडीवान हाकत नव्हता, कुणी शिवी देत नव्हता. मामानं बिडी काढली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. उभं ऱ्हात्यात हितं."

मी समोर बघितलं. दोन लोखंडी खांब. मध्ये काही नव्हतं. नुसतं आभाळ, तांबूस, आणि खांबांवर एकेक होला बसलेला.

"मामा, टॉकीज उठून किती वर्षं झाली?"

"झाली की धा-बारा."

"आणि हे बैल?"

"धवळ्या सहा सालाचा. पवळ्या चौथ्यात चाललाय."

मला भुताखेतांचं काही नाही. चार वर्षं वॉर्डात रात्री काढलेल्या बाईला बघून भूत पळतं. तरी माझ्या हातावर काटा आला, खोटं का बोलू? मामाला ते दिसलं असावं. म्हणाला, "घाबरायचं न्हाय त्यात. नवा बैल जुन्याबरुबर जुपायचा, म्हंजी वाट शिकतो. जुना थांबला की नवा थांबतो. मग त्यो जुना हुतो. त्येंच्या बापजाद्यापसनं चाललंय." कारण अगदी सरळ होतं. मला ते पटलंही. पण बैल चरत नव्हते, कान हलवत नव्हते. मान वर करून त्या दोन खांबांच्या मधे बघत होते. मामा सवयीनं आवाज खाली घेऊन म्हणाला, "संपलं की निघत्यात." बिडी संपून दुसरीही संपली. मग धवळ्यानं फुर्र केलं, वळला, आणि चारही गाड्या एकामागं एक वाटेला लागल्या.

आम्ही उभे होतो ती मशीनची बाजू. जाताना मी मागं वळून आमच्या बाजूला बघितलं. तिथं एकही गाडी नव्हती. गवत मात्र तिथं उगवलेलं नव्हतं, गाड्या लागायच्या तेवढ्याच पट्ट्यात.

वस्ती

वस्तीत सोजरआजीकडं मुक्काम केला. ही आमची लांबच्या नात्यातली, आईची जुनी शेजारीण. दारात समाजमंदिराचा दिवा, आत चूल. तिनं बेसन टाकलं, ज्वारीची भाकरी थापली आणि माझ्यापुढं बसून माझं तोंड न्याहाळत राहिली.

"आईवर गेलीस," म्हणाली.

"बापावर का नाही?"

"तुजा बाप," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "तुजा बाप लई दिस हुता की आमच्यात. मेल्यावरच जास्त."

ती हे असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पाऊस श्रावणात जास्त पडला. मी घास हातात धरून बसले.

"जित्ता हुता तवा सदा कामावर," आजी म्हणाली. "कुणाला दिसायचा न्हाय. मग रोज सांजच्याला यायचा. आमी वाट बघायचो. तुजी आई चांगली साडी नेसून यायची. कुणी हसायचं न्हाय तिला." आणि बसल्या बसल्या तिनं पोळपाटाएवढ्या जागेत ते सगळं केलं. घमेलं उतरवलं, ओतलं, मान वळवली, डाव्या कोपरानं कपाळ पुसलं, माझ्याकडं बघितलं.

डाव्या. मला बरं वाटलं. हॉटेलवाला चुकला होता तर. गावातल्या पोरांची नक्कल, तिच्यात काय नेम?

मी विचारलं, "आजी, आई जायची बंद का झाली?"

आजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ते म्या सांगायचं न्हाय. मशीनवाल्याला इचार. तुज्या आईनं त्येला एक गोष्ट मागितली हुती. त्यानं दिली. हुसेन नाव त्याचं. येरमाळ्याला असतो, ष्टो दुरुस्त करतो." मग थोड्या वेळानं, मी अंथरूण घालत असताना म्हणाली, "समद्यांनी बघितलं ते. आमच्याच बाजूला झालं."

येरमाळा

येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी एसटी भरलेली होती. एका आजीबाईंनी मला विचारलं, नवस आहे का? मी म्हटलं, तसंच काहीतरी. हमरस्त्याला लागून पेढ्यांची दुकानं, त्यांच्या शेवटी पत्र्याच्या खोक्यात हुसेनचाचा बसलेले. समोर स्टोव्ह, कंदील, पिना. उजव्या हाताची तीन बोटं कातडी ओढल्यासारखी, गुळगुळीत. जुनी भाजलेली जखम, नर्सला लांबून ओळखू येते.

मी माझं नाव सांगितलं, मग आईचं. ते स्टोव्ह ठेवून उठले, खोक्याबाहेर आले आणि मला स्टूल पुसून दिलं.

"वो कैसी है? बऱ्या हायत?" ते म्हणाले.

"बरी आहे. पण बापाचं तोंड विसरत चाललीय. म्हणून आले. ते रीळ कुठं असेल, चाचा?"

"रीळ गया. मालक उठला, समदं सामान भंगारात गेलं." माझं तोंड बघून ते घाईनं म्हणाले, "सुनो तो पहले."

आणि त्यांनी सांगितलं. रीळ जुनं झालं होतं, सारखं तुटायचं. तुटलं की टोकं कापून जोडायची, दर वेळी चार-दोन चौकटी कमी व्हायच्या. घमेलं उतरवणं आधी गेलं. मग माती ओतणं गेलं. शेवटी नुसतं वळणं आणि बघणं उरलं. "तुमच्या अम्मीला समजायचं. दुसऱ्या कुणाला न्हाय समजलं. एक दिन आयी. खांबाला वळसा घालून आमच्या बाजूला आली, पहिल्यांदाच. गाववाले बघत राहिले. मला म्हणाली, भाऊ, रोज लवकर जायला लागलेत. आज जरा थांबवा त्यांना."

समोरून ट्रक गेला, तो जाईपर्यंत चाचा थांबले.

"मशीन थांबवता येतं, बेटी. पण आत कार्बनचा झोत असतो, धग लई. फिल्म चालती हाय तवर ठीक. थांबली की जळते. मला मालूम होतं. तरी म्या म्हटलं, एक-दोन सेकंद, क्या होता है. म्या म्हटलं हितं उभ्या ऱ्हावा, साफ दिसंल. म्हणाली, न्हाय, आमच्या बाजूनंच बघते. गेली परत. ते आले, वळले, बघितलं. म्या थांबवलं."

"मग?"

"थांबले. पुरे थांबले. मैदानात आवाज न्हाय. बैलसुद्धा बघायला लागले. मग हितनं," चाचांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, "हितनं काळा डाग सुरू झाला. फुगा आला. तोंड पसरायला लागलं आणि मधनं पांढरं. समदं पांढरं. म्या हात घालून फिल्म ओढली." त्यांनी बोटं दाखवली. "तिकडून बायका ओरडल्या. तुमची अम्मी न्हाय ओरडली. दिवे लागल्यावर आली पुन्हा. मला वाटलं, आता शिव्या घालणार. मला म्हणाली, भाऊ, तुमचा हात भाजला का? आणि स्वतःच्या पदराची चिंधी फाडून बांधली."

मला रडू आलं, तिथंच, पेढ्यांच्या दुकानांसमोर. वॉर्डात माणसं मेली तरी मी रडत नाही, बाहेर जाऊन चहा पिते. आई तेरा वर्षं एवढं मोठं पोटात घेऊन मेथी निवडत होती, आणि मी तिला उठताबसता म्हणायची, तू कधी काही सांगतच नाहीस.

चाचा खोक्यात गेले आणि पावडरचा एक गंजका डबा घेऊन आले. आत चिंधी. चिंधीत फिल्मचा बोटभर तुकडा, पाच चौकटींचा. "जळालेल्याच्या पुढच्या. जोडायला मन झालं न्हाय. अमानत हाय तुमची. द्यायला यायचं होतं. हिंमत नाही हुई."

मी तो तुकडा डाव्या हातात धरून उन्हाकडं केला. पहिल्या चौकटीची कड करपलेली होती. दुसरीत तो होता. नखाएवढा. डोक्याला रुमाल, कोपर कपाळाजवळ, डोळे सरळ माझ्याकडं. तेवीस वर्षांची होऊन मी पहिल्यांदा त्याला नीट बघितलं, आणि तो माझ्यापेक्षा थोडाच मोठा होता. कोपर डावं होतं.

"उलटी धरलीस, बेटी," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली पट्टी फिरवली. "ही मळकट बाजू मशीनीकडं. हे आकडे बघ कडेचे, आता सुलटे वाचता येतात. अब सही."

कोपर उजवं झालं.

"चाचा, चुकताय तुम्ही. माझा बाप डावरा होता."

"पंधरा बरस मशीन चालवलं, बेटी. तुम्ही समदे मागून बघायचे ना."

मी पट्टी पुन्हा फिरवली. आकडे उलटे झाले, बाप डावरा झाला. पुन्हा फिरवली. उजवा. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक, शेवटी चाचांनी माझं मनगट धरलं. शाळेत अक्षरं उलटी काढली म्हणून छडी खाल्लेली मी, स्वतःला हुशार समजणारी, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आईनं आठ वर्षं त्याच्याबरोबर संसार केला. आठ वर्षं त्याला उजव्या हातानं जेवताना बघितलं असेल. मग चार वर्षं ते कापड बघितलं, आमच्या बाजूनं, आणि कापडानं संसार पुसून टाकला. तिच्याजवळ उरलेला नवरा उलटा होता, आणि आता तोही जात होता. मला राग आला. कुणाचा, ते नीट कळेना. ज्यांनी आम्हाला मागं बसवलं त्यांचा आला, तो तर येणारच. पण आईचाही आला, आणि माझ्या हाताचाही. हा हात कुणाचाच नव्हता तर.

चाचांनी पेढे मागवले. मी खाल्ले. चव काय होती ते विचारू नका.

बार्शी

बार्शीला एका स्टुडिओत गेले. फोटोग्राफर पोटऱ्यांपर्यंत पायजमा वर केलेला, कंटाळलेला माणूस. आधी निगेटिव्ह करावी लागेल, मग फोटो, म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबा. मी म्हटलं, दोन काढा, एक सुलटा आणि एक उलटा.

"एकाच माणसाचे? उलटा कशाला, बाई?"

"घरात बघणाऱ्या दोघी आहेत."

तो हसला, पण माझं तोंड बघून हसू आवरलं. मी हट्टच धरला तेव्हा त्यानं मला अंधाऱ्या खोलीत येऊ दिलं. लाल दिवा. ट्रेमध्ये पाणी, पाण्यात कोरा कागद. तो कागद चिमट्यानं हलवत राहिला. आधी काही नव्हतं. मग रुमाल आला, मग कोपर, आणि शेवटी पाण्याखालून तोंड वर आलं, हळूहळू, जणू खालून कुणीतरी श्वास घ्यायला येतंय. डोळे आले ते माझ्यावरच. मी एक पाऊल मागं सरले. दुसऱ्या ट्रेमध्ये तोच माणूस दुसऱ्या बाजूनं वर येत होता. दोघंही माझ्याकडं बघत होते, आणि मला खरंच सांगता येईना, की यातला माझा बाप कोणता.

"ह्यो माणूस कोण?" फोटोग्राफरनं विचारलं. "कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो."

"ढोकीचा आहे," मी म्हटलं. फोटोग्राफर स्वतः बार्शीचा होता, पण उसाच्या दिवसांत मेहुण्याकडं ढोकीला जायचा म्हणे, लहानपणी. मी पुढं विचारलं नाही. त्यानं चिमटा ठेवला आणि त्याचं उजवं कोपर नकळत कपाळाकडं गेलं.

सोलापूर

घरी पोचले तेव्हा आई उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. भिंतीकडं तोंड करून बसण्याची वेळ नव्हती, तरी मला आधी भिंतच दिसली. ती काहीच विचारीना. कुठं गेले होते हे तिला ठाऊक होतं, मी सांगितलं नव्हतं तरी. मी तोंड धुतलं, पाणी प्यायले, आणि पिशवीतून सुलटा फोटो काढून तिच्या हातात दिला. खरा तोच. खरं तेच द्यावं, असं मी छोट्या गाडीत ठरवून आले होते.

तिनं हात पदराला पुसले, फोटो उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"कोण गं ह्यो?" म्हणाली. "रुमाल तसलाच बांधलाय. तुझ्या बापाच्या कामावरचा हाय का कुणी?"

मला वाटलं, आता सांगावं. आई, हाच तो. हाच तुझ्याबरोबर जेवला. तू मागून बघत होतीस. नर्स म्हणून मी लोकांना याहून वाईट गोष्टी सांगितल्यात, त्याही डोळ्यांत बघून. पण तिनं फोटो मला परत केला आणि खाली मान घालून पुन्हा शेंगा घेतल्या. तिला वाटलं, मी रिकाम्या हातानं आले.

मी दुसरा फोटो काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिचे हात थांबले. शेंगेचं टरफल हातातच राहिलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला. सोलापुरात आल्यापासून मी तिला डोक्यावर पदर घेतलेलं बघितलं नव्हतं. तिनं तो कपाळापर्यंत ओढला, दोन्ही बाजूंनी नीट केला, आणि खाली न बघता थोडी बाजूला सरकून बसली, समोर माणूस असल्यासारखी.

थोड्या वेळानं तिनं बोट ठेवलं. "बघ. डावराच हुता का न्हाय?"

"व्हय, आई," मी म्हटलं. "डावराच."

सुलटा फोटो माझ्या ट्रंकेत आहे, युनिफॉर्मच्या खाली. तो मी अधूनमधून काढून बघते. त्या माणसाशी माझी हळूहळू ओळख होतेय. तिला तो कधी दाखवणार नाही.

दिवेलागण झाली तरी आई उठली नाही. मी दिवा लावला, फोटोवर उजेड पडला. ती अजून बघत होती. तो जाईल म्हणून वाट बघत होती, हे मला उशिरा कळलं. तो गेला नाही.

"थांबले," आई म्हणाली. "आज थांबले बघ."